एचपी-१५सी वर पहिलं लिनिअर रिग्रेशन

एचपी-१५सी या कॅल्क्युलेटरमध्ये लिनिअर रिग्रेशनची, म्हणजे एक्स-वायच्या जोड्यांना सर्वांत जवळची सरळ रेषा काढण्याची, सुविधा आधीपासूनच आहे, त्यामुळे प्रोग्राम लिहिण्याच्या मागे लगेच लागू नका. आधी हे हातात बसू द्या:

१. सुरुवातीला एफ (एफ आणि जी या कळेचं दुसरं काम निवडायला आधी दाबायच्या कळा) आणि क्लिअर-सिग्मा. हे विसरलात तर जुन्या बेरजा नव्या आकड्यांत मिसळतात आणि उत्तर चुकलंय हे कळतही नाही.
२. आधी वाय, मग एंटर, मग एक्स, मग सिग्मा-प्लस (ही जोडी बेरजांत मिळवणारी कळ). बहुतेक जण इथेच फसतात, कारण कागदावर आपण एक्स आधी लिहितो. डिस्प्लेवर जोड्यांची संख्या दिसते, ती मोजत राहा.
३. एफ, एल.आर. (लिनिअर रिग्रेशन). समोर दिसतो तो इंटरसेप्ट, म्हणजे एक्स शून्य असतानाचा वाय. स्लोपसाठी (रेषेच्या चढासाठी) एक्स-वाय अदलाबदलीची कळ दाबा.

जोडी चुकली तर तीच पुन्हा भरून जी, सिग्मा-मायनस. बेरजा रजिस्टर (आकडे साठवायच्या जागा) २ ते ७ मध्ये असतात, तिथे दुसरं काही साठवू नका.

एक्सच्या जागी १९८१, १९८२ अशी वर्षं असतील तर १९८० वजा करून भरा. बेरजा दहाच अंकांत साठतात, आकडे मोठे आणि एकमेकांच्या जवळचे असतील तर अचूकता जाऊ शकते.

सरावाला (१,३), (२,५), (३,७) घ्या: इंटरसेप्ट १, स्लोप २ यायलाच हवा. उलटं भरलंत तर -०.५ आणि ०.५ दिसेल.