आमच्यात असं सांगत नाहीत

"मॅडम, त्यांच्यात सांगत नाहीत म्हणे. मग मी खोटं बोलायचं का?"

ड्युटी संपवून आलेली निवासी डॉक्टर खुर्चीत बसायच्या आधीच हे विचारून मोकळी झाली. वॉर्डातल्या सत्तरीच्या आजींचा बायॉप्सीचा रिपोर्ट आला होता. कॅन्सर. मुलाने तिला दारातच गाठून बजावलं होतं, "आईला काही बोलू नका. आमच्यात असं सांगत नाहीत." कुटुंबाची भाषा वेगळी, रीत वेगळी. सांगितलं तर त्यांच्या रीतीचा अपमान, नाही सांगितलं तर रुग्णाचा हक्क डावलला, अशा कात्रीत ती सापडली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पण हा प्रश्न घेऊन येणारी ती पहिली नाही.)

मी म्हटलं, "अगं, १९६१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका पाहणीत जवळजवळ ९० टक्के जणांचा कल कॅन्सरचं निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये पुन्हा विचारलं, तर ९७ टक्के सांगण्याच्या बाजूने. देश तोच, पेशा तोच. 'त्यांच्यात' कशाला, हे डॉक्टरांच्यातही होतंच की."

"म्हणजे समाजासमाजात फरक नसतो?"

असतो, चांगलाच असतो. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या ८०० वृद्धांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पसरलेल्या कॅन्सरचं निदान रुग्णाला सांगावं असं म्हणणारे आफ्रिकन-अमेरिकन ८८ टक्के होते, कोरियन-अमेरिकन ४७ टक्के. पण हा ४७ आकडा मला नेहमी अडवतो. समोरची बाई सांगा म्हणणाऱ्यांतली की उरलेल्यांतली, हे आडनावावरून कसं कळणार?

सुरुवातीच्या काळात मीही एक वही केली होती, कुठल्या समाजात कोणाशी बोलायचं याची. त्या वहीच्या भरवशावर एका बाईंच्या देखत मी पाऊण तास त्यांच्या नवऱ्याशीच बोलत राहिले. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "मी पण होते इथे." वही अजून कपाटात आहे. उघडत नाही.

आम्ही आधी मुलाला भेटलो. आईचा हक्क वगैरे काही काढलं नाही. "सांगितलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?" एवढंच विचारलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "हाय खाईल ती." त्याला शब्द दिला, की आपणहून आम्ही निदानाचं नाव काढणार नाही. पण त्यांना काय हवं ते त्यांना विचारू, आणि त्यांनी सरळ प्रश्न केला तर खोटं बोलणार नाही. दुसरा भाग त्याला आवडला नाही. तरी मानला.

दुसरी गोष्ट दुभाष्याची. तोवर ते काम मुलगाच करत होता. डॉक्टर दोन मिनिटं बोलायची, तो चार शब्दांत उरकायचा. त्यात त्याचा काय दोष? स्वतःच्या आईशी तो शब्द बोलायला कुणाची जीभ वळेल? रुग्णालयाच्या दुभाषी बाईंना बोलावलं.

आर्थर क्लाइनमन या मनोविकारतज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये रुग्णाला विचारायचे काही साधे प्रश्न मांडले होते. तुम्हाला काय झालंय असं वाटतं? कशामुळे झालं? सगळ्यात भीती कशाची वाटते? डॉक्टरने तेच विचारले, आणि शेवटी, "पुढचं किती सांगू? की दुसऱ्या कुणाशी बोलू?"

आजींचं उत्तर तयारच होतं. "पोटात गाठ आहे, चांगली नाही, कळतं मला. नाव नका सांगू, डोक्यात तेच फिरत राहील. औषधाने किती दिवस अंथरुणाला खिळेन ते सांगा. बाकी सगळं सुनेला विचारा."

"मुलाला नको?"

"तो रडतो."

सून! तिचं नाव मुलाच्या बोलण्यात नव्हतं, माझ्या वहीतही नसतं.

बाहेर आल्यावर डॉक्टरने नेमकी शंका काढली. नाव माहीत नसताना दिलेली संमती खरी कशी? प्रश्न रास्त आहे. माझ्या मते, मला नको सांगू हे रुग्णाने स्वतः ठरवलं असेल तर तोही त्याचाच निर्णय. मुलाने परस्पर ठरवणं वेगळं. मात्र उपचारात काय होणार, त्रास काय होईल, दुसरा पर्याय कोणता, हे त्यांना कळायलाच हवं, आणि ते त्यांना हवंही होतं. सह्यांचे नियम ठिकाणागणिक बदलतात, ते वरिष्ठांना विचार म्हटलं.

तिने केसपेपरवर लिहिलं : 'निदानाचं नाव नको (आज). उपचार व त्रास समजावले. निर्णयासाठी सून.'

तो कंसातला 'आज' तिचा स्वतःचा. दोन महिन्यांनी आजी पुन्हा दाखल झाल्या तेव्हा तिने परत विचारलं. त्यांनी सुनेला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "आता सांग."