कार्यालयातून एकही कागद बाहेर न नेता अ‍ॅना मॉन्टेसने क्युबाला गुपितं कशी पुरवली?

पाठ करून. १९८५ पासून ती अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेत विश्लेषक होती. दिवसा गोपनीय अहवाल वाचायचे, लक्षात ठेवायचे आणि रात्री वॉशिंग्टनमधल्या घरी तोशिबा लॅपटॉपवर टाइप करायचे, ही तिची पद्धत. मग तो मजकूर सांकेतिक करून फ्लॉपीवर घ्यायचा आणि ती क्युबाच्या माणसाला प्रत्यक्ष भेटून द्यायची. सूचना उलट दिशेने यायच्या: शॉर्टवेव्ह रेडिओवर आकडे वाचले जायचे, ते उतरवून लॅपटॉपमध्ये घातले की संदेश उलगडायचा. त्यामुळे दारावरच्या झडतीत सापडण्यासारखं काही नव्हतंच. एफबीआयने न्यायालयात दिलेल्या शपथपत्रात लॅपटॉप आणि रेडिओचा तपशील आहे.

पण पद्धत निर्दोष नव्हती. कच्चा दुवा घरात होता. मे २००१ मध्ये एफबीआयने घराची गुपचूप झडती घेतली, तेव्हा रेडिओ सापडला आणि लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधून पुसलेला मजकूरही परत मिळाला. फाइल डिलीट केली तरी त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच राहतो. २१ सप्टेंबर २००१ ला तिला अटक झाली, २००२ मध्ये २५ वर्षांची शिक्षा.