निर्व्याज, बिनव्याजी आणि एक लॅटिन बहाणा

प्रश्न असा आहे: 'मध्ययुगीन युरोपात चर्चच्या धाकाने लोकांना निर्व्याज कर्ज द्यावं लागे, असं एका लेखात वाचलं. हा प्रयोग बरोबर आहे का? आणि इंग्रजीत व्याज आणि आवड या दोन्हींना इंटरेस्ट हा एकच शब्द कसा?'

बरोबर नाही. कर्ज बिनव्याजी असतं. निर्व्याज असतं ते प्रेम, नाहीतर तान्ह्या बाळाचं हसू. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेनेही 'निर्व्याज कर्ज योजना' असा हातभर फलक लावलाय आणि त्याखालून जाताना रोज माझा रक्तदाब वाढतो. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, सोंग, कपट. धातू अञ्ज्, म्हणजे माखणे, लेप देणे. डोळ्यातलं अंजन त्याचंच. व्याज म्हणजे वरून सारवलेलं. शाळेत व्याजस्तुती अलंकार (वरून निंदा, आतून स्तुती, किंवा उलट) शिकलो तेव्हा त्यात टक्केवारी नव्हती, हे आठवत असेलच.

मग बहाण्याचा अर्थ सरकून कर्जावरच्या पैशांवर कसा बसला? संस्कृतात त्यासाठी वृद्धी आहे, कुसीद आहे. मनुस्मृती दोन्ही वापरते. आमचे एक निवृत्त प्राध्यापक स्नेही म्हणतात की ही दोन व्याजं निव्वळ योगायोगाने सारखी दिसतात. 'सावकार काय अलंकारशास्त्र शिकून गादीवर बसायचा?' असं त्यांनी मला चारचौघांत विचारलं. अहो सर, सावकाराने कशाला ठेवायला हवं हे नाव? घेणारा त्याला वृद्धीच म्हणणार. व्याज हे ते भरणाऱ्या कुळाने, म्हणजे कर्जदाराने, ठेवलेलं नाव आहे, असं माझं मत. हिब्रू बायबलातही अशी जोडी सापडते: एक शब्द तरबीत, म्हणजे वाढ, दुसरा नेशेख, आणि तो 'चावणे' या धातूवरून आलाय. ग्रीकांचा तोकोस म्हणजे अपत्य, पैशाला झालेलं पोर. यातला चावा कोणी अनुभवला आणि बारसं कोणी जेवलं, हे सांगायला कोश उघडावा लागत नाही.

हा माझा तर्क आहे, ताम्रपट नव्हे. पण युरोपात नेमकी हीच गोष्ट कागदोपत्री घडलीय आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

लॅटिनमध्ये व्याजाला उसुरा म्हणत. मूळ अर्थ साधा, 'वापर'. लूकच्या शुभवर्तमानातल्या 'परतफेडीची आशा न धरता उसने द्या' या वचनाचा चर्चने थेट कायदा केला. ११७९च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, ठरवलं की उघड सावकारी करणाऱ्याला कम्युनियन, म्हणजे चर्चमधला प्रभुभोजनाचा प्रसाद, नाही आणि मेल्यावर ख्रिस्ती दफनही नाही. १३११-१२च्या व्हिएन परिषदेने पुढची पायरी गाठली: व्याज घेणं पाप नाही असं हट्टाने म्हणणाराच पाखंडी. बिचारा उसुरा शब्द कायमचा बाटला.

पण व्यापार तर चालायला हवा. तेव्हा कायदेपंडितांना रोमन कायद्यातला एक निरुपद्रवी शब्दप्रयोग सापडला: क्वोद इंतेरेस्त. इंतेर म्हणजे मध्ये, एस्से म्हणजे असणे. कर्ज वेळेवर फिटलं असतं तर माझी स्थिती काय असती आणि आज काय आहे, या दोहोंच्या मधलं अंतर, म्हणजेच नुकसानभरपाई. भरपाई मागणं हे पाप कसं असेल?

आता प्रत्यक्षात बघा. समजा, फ्लॉरेन्सचा एक व्यापारी दुसऱ्याला शंभर फ्लोरिन देतो, एक महिन्यासाठी, पूर्ण बिनव्याजी. महिन्याभरात ते फिटणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक आहे. महिना उलटला की उशीर झाला, उशीर झाला की नुकसान झालं आणि त्या दिवसापासून भरपाई सुरू. वहीत उसुरा औषधालाही नाही, आहे तो फक्त इंतेरेस्से. म्हणजे बँकेच्या पासबुकावर आज छापलेला इंटरेस्ट हा शब्द जन्माने एक बहाणा आहे, आणि बहाण्याला संस्कृतात काय म्हणतात ते वर सांगितलंच! पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी भर दुपारी घरच्यांना उठवून सांगितलं होतं. कौतुक झालं नाही.

तेव्हा 'चर्चच्या धाकाने बिनव्याजी कर्ज द्यावं लागे' हे त्या लेखातलं विधानही अर्धंच. धाक खरा होता, त्या धाकाने पळवाटा घडवल्या आणि त्या पळवाटांची पुढे कायद्यात कलमं झाली. इंग्लंडात आठव्या हेन्रीचा १५४५चा कायदा नावाने व्याजखोरीच्या 'विरुद्ध', पण त्यात दहा टक्क्यांपर्यंत मुभा. १५५२मध्ये त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत ती मुभा गेली, १५७१मध्ये एलिझाबेथच्या काळात परत आली, आणि त्याच कायद्यात असंही लिहिलं की व्याज हे ईश्वरी नियमाने निषिद्ध, पाप आणि तिरस्करणीय आहे. १६२४मध्ये दर आठ टक्क्यांवर आणला आणि तळटीप जोडली, की या कायद्यातल्या कोणत्याही शब्दाचा अर्थ धर्माच्या किंवा सदसद्विवेकाच्या दृष्टीने व्याजाला मान्यता असा लावू नये. शिव्या घालत परवानगी द्यायची. व्याजस्तुतीला याहून बरं उदाहरण आपल्या अलंकारग्रंथांतही मिळायचं नाही.

ही मर्यादा इंग्लंडने १८५४मध्ये पुरती काढून टाकली आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातही. तोवर इंग्लंडात पापाची भाषा जाऊन कराराच्या स्वातंत्र्याची आली होती. आपल्याकडे निदान दामदुपट होतं: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाहून जास्त नाही. मुंबई इलाख्यात कोर्टंही ते मानत. पण दर मोकळा, आणि दर काही वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवं खत, म्हणजे कर्जरोखा, करून घेतलं की दामदुपटाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतं काढून जाळली, मग १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. पण तो वेगळा विषय.

हां, आवडीचा इंटरेस्ट राहिला. तोही तोच 'मध्ये असणे'. ज्यात आपण गुंतलेलो आहोत ते.

पतसंस्थेत मात्र मी गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, फलकावर 'बिनव्याजी' लिहा. तो म्हणाला, 'काका, व्याज नाहीच आहे. फक्त प्रोसेसिंग फी आहे, ती कर्ज देतानाच कापतो.' जुने सावकार अशाच आधी कापायच्या रकमेला मनोती म्हणत. म्हणजे ते कर्ज बिनव्याजी असेलही. निर्व्याज काही नव्हे.