खांदा धरला आहे, मग गोळी वाढवायची का?

साताऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या, तेव्हा कंपवाताचे निदान होऊन काही महिने झाले होते. त्याआधी दोन वर्षे उजव्या खांद्यावरच शेक, मालिश आणि गोळ्या चालू होत्या. "खांदा अजून दुखतोच आहे, तर कंपवाताची अर्धी गोळी आपणच वाढवून बघू का?" असे काकूंनी विचारले. हा प्रश्न मला बहुतेक घरांतून विचारला जातो.

खांदा आखडणे हे काही जणांत कंपवाताच्या पहिल्या लक्षणांपैकी असते, कारण हा आजार बहुधा एका बाजूने सुरू होतो, त्या बाजूचे स्नायू ताठर होतात, चालताना तो हात झुलेनासा होतो आणि न हलणारा सांधा हळूहळू धरतो. थरथर नसली की संशय येत नाही. सरांचे अक्षर बारीक होत चालले होते, पण तेही वयावर ढकलले गेले होते.

गोळी स्वतःहून वाढवू नका, असे मी स्पष्ट सांगितले. या गोळीतले लेवोडोपा हे औषध जास्त झाले तर अंग आपोआप वळवळू लागते, भासही होऊ शकतात. उलट ते एकदम बंद करणेही धोक्याचे असते. त्याऐवजी गोळीची आणि दुखण्याची वेळ वहीत लिहायला सांगितली. पुढची गोळी जवळ आली की, आणि पहाटे, दुखणे वाढते हे त्या नोंदींतून दिसले, आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या.

तरी दुखणे पूर्ण गेले नाही. केवळ ताठरपणा असेल तर दुसऱ्याने सावकाश फिरवल्यावर हात बराचसा वळतो; सरांचा हात फिजिओथेरपिस्टनी फिरवूनही बाहेरच्या बाजूला अडत होता, म्हणजे सांधाही धरला होता. त्यांना मधुमेह होता आणि मधुमेहींमध्ये हे अधिक आढळते. दुखणे एकच असेल असे आपण गृहीत धरतो, तिथेच बहुधा घोळ होतो.

मुलगा प्रेमापोटी हात जोराने ओढून व्यायाम करवत असे, ते थांबवले. आता गोळीचा असर असतानाच व्यायाम होतो आणि सदरा घालताना दुखरा हात आधी बाहीत जातो. पडल्यानंतर खांदा नव्याने दुखू लागला तर तो तपासून घ्यायचा, आणि खांद्यासोबत छातीत दडपण किंवा घाम आला तर वहीत लिहीत न बसता थेट रुग्णालय गाठायचे, एवढे काकूंनी लिहून घेतले.