गांजाच्या फळपोळ्या घरी करताना डबीवरचा कुठला आकडा धरायचा

तुमची पोस्ट वाचून आमचाच तेव्हाचा गोंधळ डोळ्यासमोर आला. तुम्ही कॅनडात ओंटारिओत, आई उन्हाळ्यात येतायत, गुडघ्यांमुळे त्यांना झोप नाही, दुकानातल्या गमीज (गांजाच्या जेलीच्या गोळ्या) महाग आणि अख्ख्या पाकिटात जेमतेम १० एमजी टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, म्हणून गांजाचं वाळलेलं फूल आणून स्ट्रॉबेरी-आंब्याच्या पोळ्या घरीच करायच्यात आणि एका तुकड्यात किती जातंय ते कळत नाहीये. पोळी कशी वाळवायची हे तुम्हाला येतंय असं दिसतं, त्यात शिरत नाही.

मी डॉक्टर नाही, वकील नाही. कॅनडात २०१८ पासून मोठ्या माणसांना घरी स्वतःपुरतं करायला परवानगी आहे, अर्क काढायला ब्यूटेनबिटेन (पेट घेणारी रसायनं) वापरायचं नाही एवढं पक्कं.

आता आकड्याचं. फुलाच्या डबीवर दोन आकडे असू शकतात, एक नुसता टीएचसी आणि दुसरा टोटल टीएचसी. पहिला म्हणजे माल आत्ता जसा आहे तसा, दुसरा म्हणजे गरम केल्यावर जास्तीत जास्त होईल तेवढा. आमच्या डबीवर ८ आणि १९० होते, एमजी दर ग्रॅमला. खायचं करताना फूल आधी तापवावंच लागतं, म्हणजे धरायचा आकडा दुसरा. पण ते तेव्हा आम्हाला कोण सांगणार, म्हणून मी विकणाऱ्यांच्याच हेल्पलाइनला फोन केला, सासूबाईंच्या पाठीसाठी घरी करतेय हे नीट सांगितलं, दोन्ही आकडे वाचून दाखवले, आणि तिकडून शांतपणे उत्तर आलं की पहिला धरा. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तेवीस-चोवीस पटीचा फरक आहे हो हा! नशीब की सासूबाईंच्या आधी नवऱ्याने अर्धा तुकडा खाऊन बघितला. रात्रभर इमर्जन्सीत काढली, छातीत धडधड, त्याला वाटत होतं हार्ट अटॅकच आहे. डॉक्टर विचारतायत किती एमजी खाल्लं आणि आमच्याकडे त्याच हेल्पलाइनने दिलेला हिशोब. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणे घरी केलेल्या पदार्थांबद्दल आम्ही सल्ला देत नाही. मग आदल्या वेळी काय दिलं होतंत? लेखी तक्रार केली, त्याला आलेली ईमेल वाचून अजून डोकं फिरतं, प्रॉडक्ट जबाबदारीने वापरा म्हणून.

म्हणून माझं स्पष्ट मत, फुलाच्या फंदात पडूच नका. घरी तापवताना आणि तेलात उतरवताना नक्की किती उतरलं हे घरात मोजता येत नाही, कोणी कितीही सांगू दे. लायसन्सवाल्या दुकानातून गांजाच्या तयार तेलाची बाटली आणा. समजा तेल २५ एमजी दर ग्रॅमला आहे, तर ४ ग्रॅम म्हणजे १००, त्याचे ४० सारखे तुकडे केले की प्रत्येकी २.५. तेल वजनकाट्यावर ग्रॅममध्येच मोजा, लेबल सहसा दर ग्रॅमचं असतं आणि तेलाचा एक एमएल एक ग्रॅमपेक्षा थोडा कमी भरतो.

दुसरी गोष्ट, फळाच्या गरात पाणी असतं, तेल त्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि पोळी वाळली की एका कोपऱ्यात सगळं जमतं. म्हणजे हिशोब बरोबर असूनही एका तुकड्यात काहीच नाही आणि शेजारच्यात पाच तुकड्यांचं. थोडं सूर्यफुलाचं लेसिथिन (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) तेलात विरघळवून घ्या आणि गर कोमट असताना ब्लेंडरमध्ये चांगलं फिरवा, चमच्याने ढवळून होत नाही. एवढं करूनही तुकडे अगदी सारखे होतील याची खात्री मी देणार नाही, आईंसाठी तर दुकानातल्या २.५ एमजीच्या गमीजच बऱ्या असं मला वाटतं, महाग पडल्या तरी.

खाल्ल्यावर जाणवायला दोन तासही लागू शकतात आणि असर बारा तास टिकू शकतो, त्यामुळे काही होत नाही म्हणून दुसरा तुकडा अजिबात द्यायचा नाही. आईंना काय आहे ते सांगूनच द्या, गुपचूप नको, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आणि आंबापोळीसारखी गुंडाळी नका करू प्लीज. आपल्याकडे पोरं येतात, डबा उघडतात, आंबापोळी दिसली की तोंडात टाकतात. चौकोनी तुकडे, नाव आणि एमजी लिहिलेली डबी, आणि कुलूप, फ्रिजमध्ये ठेवलीत तरी कुलूप. एखाद्या मुलाने खाल्लंच तर वाट बघू नका, पॉयझन सेंटर १-८४४-७६४-७६६९, आणि मूल जागं होत नसेल तर सरळ ९११.

शेवटी तुम्ही विचारलंत की आईंना जाताना थोड्या बरोबर देता येतील का. नाही. कॅनडातून बाहेर नेणं हा इथेच गुन्हा आहे, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी, आणि भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा, कायदा आहे. तिकडे भांगेची सरकारी दुकानं आहेत वगैरे कोणी सांगेल, पण ती सूट नुसत्या पानांना आहे, फुलाच्या तेलाला नाही. विमानतळावर सत्तरीच्या बाईला हे समजावत बसावं लागेल.

तेल आणलंत की लेबलवरचे सगळे आकडे इथे टाका, मी हिशोब बघून देते.