काच पडली म्हणून गाडी बदलायची का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही खानापूरहून बेळगावला रोज स्वतः गाडी चालवत नोकरीला जाता. गाडी जून 2012 ची, छोटी पेट्रोल. डाव्या पुढच्या दाराची काच धाडकन आत गेली, ती वर येईना. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने मोटरसकट 6,800 रुपये सांगितले, बेळगावातल्या उद्यमबागच्या मेकॅनिकने 2,600. गडहिंग्लजचे दाजी म्हणतात, जुन्या गाडीत पैसे घालू नका. एमएच-09 म्हणजे कोल्हापूर पासिंगची एक चांगली गाडी 3,90,000 ला मिळतेय, 3 लाख कर्ज काढा, बाकीचे सोसायटीतल्या ठेवीतून भरा.

गाडी दुरुस्त करा. यात मला दुसरं उत्तर दिसत नाही.

तुम्हाला सांगितलेल्या 13 टक्के दराने 3 लाखांचा 3 वर्षांचा हप्ता महिना सुमारे 10,100 रुपये बसतो. म्हणजे सर्वांत महागडी दुरुस्तीही एका हप्त्यापेक्षा स्वस्त आहे. व्याजापोटी सुमारे 64,000 जातील, वर 90,000 ची ठेव मोडेल. ती ठेव तुमच्या घरातला एकमेव अडीनडीचा पैसा आहे. धाकट्याच्या कॉलेजची फी तोंडावर असताना तिला हात लावू नका, हे कळकळीने सांगतो.

दाजींच्या सल्ल्यात एक खर्च धरलेलाच नाही. आपल्या भागात कोल्हापूर-गडहिंग्लजची गाडी घेणं म्हणजे शेजारच्या गल्लीतून घेतल्यासारखं वाटतं, पण राज्य बदलतं. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही, आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो नंतर, खेटे घालून. हा आकडा बेळगाव आरटीओत विचारल्याशिवाय 3,90,000 ही खरी किंमत मानू नका. आणि तुमची गाडी विकायचीच ठरली, तरी काच पडलेली विकू नका. एजंट तेवढ्यासाठी 15,000 कापतोय, असं तुम्हीच लिहिलंय.

तुमच्या गाडीची खरी परीक्षा जून 2027 मध्ये आहे, तेव्हा आरसीला, म्हणजे नोंदणीला, 15 वर्षं पूर्ण होतील. नूतनीकरण 5 वर्षांसाठी होतं. एप्रिल 2022 पासून कारसाठी त्याची फी 5,000 रुपये आहे, शिवाय जुन्या गाड्यांवरचा ग्रीन टॅक्स आणि तपासणीआधीची किरकोळ कामं. त्यासाठी पगाराच्या दिवशी कापली जाईल अशी 3,000 ची आरडी, म्हणजे दरमहा भरायची ठेव, आजच सुरू करा. रोज थोडे पैसे भरायची पिग्मी चालू आहे ती राहू द्या, पण पगारदाराला आरडीचं व्याज बरं पडतं. गाडी पुढे चालवायची की नाही, ते तेव्हा ठरवू. इंजिन खोलायची पाळी आली किंवा खालचा पत्रा गंजून सुटायला लागला, तर मीच तुम्हाला विकायला सांगेन. काच हे त्याचं कारण नाही.

विम्याचा विचार सोडा. झीज आणि मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही.

आता 6,800 की 2,600? बटण दाबल्यावर मोटरचा आवाज येतो, काच हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे मोटर बहुधा चांगली आहे. काच ओढणारी आतली तार तुटली असेल किंवा काच धरणारी प्लॅस्टिकची क्लिप. मग मोटरचे पैसे कशाला द्यायचे? आवाजच नसता तर आधी फ्यूज आणि स्विच पाहायला सांगितलं असतं. मेकॅनिककडेच जा, पण त्याला सांगा की रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा, कंपनीचाच हवा, बिलासकट. हजारभर जास्त गेले तरी चालतील. स्वस्तातली क्लिप परत तुटली की मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. काच ज्या रबरात सरकते ते रबरही साफ करून घ्या; ते कडक झालं असेल तर नव्या रेग्युलेटरवर पुन्हा तोच ताण येतो.

तोवर काच हाताने वर ओढून पक्क्या टेपने बांधा आणि त्या बटणाला हात लावू नका. खानापूरच्या पावसात काच उघडी राहिली तर लॉक आणि स्पीकरपर्यंत पाणी जाईल, मग बिल वेगळंच होईल.

दाराच्या पॅडमागे एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. घाईत तो फाडून टाकतात, मग पावसाळ्यात पाणी आत पायाशी येतं. तो जागेवर लावून घ्या. पैसे देण्याआधी काच चार-पाच वेळा वर-खाली करा, वरून बाटलीभर पाणी ओता आणि ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतंय ना, ते पाहा.