वेलांटीला जागा ठेवलीत का?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा टीव्ही गेम खाली उतरला की मला फोन सुरू होतात. वर्षभर नौपाड्यातल्या घरी याच आठ-बिटी खेळांची चिरफाड करत बसलोय, त्यामुळे प्रश्नही आता तोंडपाठ झालेत.

कॅसेट लागत नाही. फुंकर मारू ना? (कोपरी)

नाही. फुंकरीतून ओलावा जातो, आणि खाडीकाठच्या हवेत तो काही कमी नाही. इअरबड, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळेपर्यंत धीर.

राउटरचा 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर यंत्रात बसतो. चालेल? (ऐरोली)

बसतो म्हणून लावायचा नसतो! 1983 च्या मूळ फॅमिकॉमला, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी टीव्ही गेमला, 10 व्होल्ट लागत आणि पिनच्या मध्यभागी ऋण असे. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरला बहुधा मध्यभागी धन असतो. आपली बालपणीची यंत्रं त्याच फॅमिकॉमच्या नकला, पण नकलाकारांनी काय बदललं याचा नेम नाही. लेबल पुसलं असेल तर मल्टिमीटरवाल्या कारागिराला दाखवा.

दुकानदार ‘9999999 इन 1’ कॅसेट ओरिजिनल म्हणून विकतोय. (मानपाडा)

यादीची चार पानं उलटा. तेच खेळ नाव बदलून परत भेटतील.

एका जपानी खेळाचे संवाद मराठीत करतोय. इंग्रजी आवृत्ती घेतली, टाइल एडिटरमध्ये (खेळातली अक्षरं-चित्रं ठिपक्याठिपक्याने बदलायचं सॉफ्टवेअर) ए-बी-सीच्या जागी क-ख-ग काढले. आता मात्रा कुठे द्यायच्या? इंग्रजीवरून सोपं जातं असं ऐकलं होतं. (नेरूळ)

कुणाकडून ऐकलंत? याच ऐकीव सल्ल्यापायी माझा अख्खा पावसाळा वाया गेला.

पडद्यावरचं प्रत्येक अक्षर म्हणजे 8 बाय 8 ठिपक्यांची एक टाइल. इंग्रजीचं त्यात भागतं. आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार लागतात आणि खाली उकार. कित्येक जपानी खेळांत ‘का’चा ‘गा’ करणाऱ्या दोन टिंबांसाठी ओळीच्या वर टाइलांची एक पट्टी मोकळी सोडलेली असते. इंग्रजी करताना ती बऱ्याचदा काढून टाकतात. म्हणजे आपल्या वेलांटीची तयार जागा तुम्ही आपण होऊन सोडलीत. जपानी प्रत उघडा आणि आधी ती पट्टी आहे का बघा.

उकार मात्र अक्षराच्याच टाइलमध्ये, तळाच्या दोन ओळींत कोंबायचा. ‘कु’ ही वेगळी टाइल, ‘गु’ वेगळी. पार्श्वभूमीला एका वेळी 256 टाइल मिळतात. चौकटी, आकडे, झाडं त्यातच. म्हणून बाराखडी काढत बसू नका. आधी संवाद कागदावर लिहा, त्यात येणारीच अक्षरं मोजा. माझ्या संवादांत ‘ङ’ आणि ‘ञ’ एकदाही आले नाहीत, तरी मी ते हौसेने रेखाटून ठेवले होते. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटीचा दांडा आधी द्या, क नंतर. यंत्राला व्याकरण कळत नाही, ते डावीकडून टाइल मांडत जातं.

वाक्य लांबलं की पुढच्या संवादांचे पत्ते, म्हणजे कुठला संवाद फाइलमध्ये कुठे सुरू होतो ते सांगणारे आकडे, सरकतात. ते दोन बाइटचे असतात, धाकटा बाइट आधी. इथे अडलात तर 6502 ची, म्हणजे या यंत्रांतल्या प्रोसेसरची, असेंब्ली भाषा येणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा. अंदाजाने बाइट बदलू नका, आणि मूळ फाइलला तर हातच लावू नका.

आमचा मराठी खेळ कॉलेजच्या फेस्टमध्ये विकू का? (वाशी)

नाही. 1957 चा कॉपीराइट कायदा खेळांनाही लागतो. नुसती पॅच फाइल (खेळ नाही, फक्त तुम्ही केलेले बदल) वाटायची झाली तरी आधी वकिलाला विचारा.

दादाचं गेम बॉयवरचं (हातात धरायचा निन्टेंडोचा गेम) सेव्ह, म्हणजे साठवलेला अर्धवट खेळ, अजून शाबूत आहे. बॅटरी मे महिन्यात बदलेन म्हणतो. (कळवा)

मे कशाला? ती बॅटरी कॅसेटमध्ये सोल्डर केलेली असते आणि कधी मान टाकेल ते सांगून टाकत नाही. ती काढली तरी सेव्ह जातं, म्हणून कार्ट्रिज रीडरने (कॅसेट संगणकाला जोडून वाचणारं उपकरण) आधी सेव्हची प्रत संगणकावर घ्या, ती एकदा उघडून बघा, मगच सोल्डरिंगवाल्याकडे जा. नवीन बॅटरी जुनीवरच्याच नंबरची, पत्र्याच्या पट्ट्या लावलेली मागा. तो थेट बॅटरीवर डाग द्यायला लागला तर कॅसेट उचला आणि घरी या.